सर कॅमेरा झाले

आईला मी बजावून ठेवलं होतं की शिट्टी आणायची नाही. ती शिट्टी घेऊन आली.

सभागृहाच्या दारात ती उभी होती. ढगळ पँट, पांढरे बूट, गळ्यात शिट्टी आणि खांद्यावर स्वतःचा स्पीकर, कारण दुसऱ्याच्या स्पीकरवर तिचा विश्वास नाही. आल्या आल्या तिने पहिलं काम काय केलं, तर आमच्या शिपायाला सांगून समोरच्या ट्यूबलाइट बंद करायला लावल्या. "काय ही अवकळा आलीये सगळ्यांच्या तोंडांवर," असं ती मोठ्याने म्हणाली. ही तोंडं अभ्यासमंडळाच्या सदस्यांची होती. ते आधीच येऊन रांगेत बसले होते आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं.

मी डोक्याला हात लावला. दिवसाची सुरुवातच अशी झाली.

मी विद्यापीठाच्या नृत्य विभागात शिकवते. शिकवते म्हणजे हंगामी शिकवते. दर वर्षाअखेर मला निरोप देतात आणि दर वर्षी पुन्हा बोलावतात, आणि मधल्या महिन्यांत मी काय खाते हे कोणी विचारत नाही. या वर्षी तर पुन्हा बोलावण्याचीही खात्री उरली नव्हती, कारण माझे तास कमी झाले होते. म्हणून मी नवा विषय मांडला, 'चित्रपटासाठी केलेलं नृत्य'. तो मंजूर झाला तर शिकवायला कायमचा माणूस लागणार होता, आणि तो विषय घ्यायला आमच्याकडे दुसरं कोणी तयार नव्हतं. नाकं मुरडायला सगळे तयार होते. मंजूर झाला तर मी कायम आणि नाही झाला तर घरी, इतकं ते सरळ होतं.

आता मंजुरीच्या आड आमचे विभागप्रमुख होते. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात. सरांचं म्हणणं ठरलेलं होतं. "चित्रपटात असतं ते नृत्य नव्हे, ती नृत्याची कात्रणं." सर लबाड असते तर मी त्यांच्याशी छान भांडले असते. पण सर प्रामाणिक आहेत, आणि प्रामाणिक माणसाशी भांडताना जीव मेटाकुटीला येतो. त्यांनीच मागे नियम करून घेतला होता, की नव्या विषयाचं प्रात्यक्षिक सदस्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो मंजूर करायचा नाही. आपण स्वतः पाहिल्याशिवाय मत देणार नाही, आणि इतरांनाही देऊ देणार नाही, असा त्यांचा खाक्या.

प्रात्यक्षिक म्हणजे अर्थात आई. तिने उभा जन्म सिनेमात नाच बसवण्यात घालवला. सेटवर तिला 'मास्टर' म्हणायचे, आणि मग घरी बाबाही म्हणायला लागले. मी लहानपणी तिला आई म्हटलं की ती चटकन ओ देत नसे आणि मास्टर म्हटलं की लगेच वळत असे. असो.

तिच्यासाठी मी एक छोटंसं भाषण लिहून दिलं होतं. तिने ते वाचलं, आणि म्हणाली, "हे कोणाचं आहे?"

"तुझं."

"मी अशी बोलते?"

"बोलत नाहीस म्हणूनच लिहून दिलंय."

"मी बोलणार नाही. दाखवणार," ती म्हणाली, आणि विषय संपला. आईशी बोलताना विषय नेहमी असाच संपतो.

तर प्रात्यक्षिक सुरू झालं. आधी मी प्रस्तावना केली. ती मला पाठ होती, पण प्रोजेक्टरला नव्हती. त्याने सगळं हिरवं दाखवायला सुरुवात केली. मग आईच्या एका गाण्याचा तुकडा लावला, तर आवाज पुढे आणि चित्र मागे. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाई भरभर काहीतरी टिपून घेत होत्या. बहुधा त्यांना तो काही प्रयोग वाटत असावा. मी वायरी उपसून पुन्हा खुपसल्या आणि कसंबसं दोघांना एकत्र आणलं.

"थांबवा," सर म्हणाले. "मास्टर... म्हणजे, बाई, यातलं सलग केलेलं किती?"

"काहीच नाही," आई म्हणाली.

"काहीच नाही?"

"हात सकाळचे आहेत. गिरकी दुसऱ्या दिवशीची. आणि पाय तर नायिकेचे नाहीतच, तिला ताप होता. पाय बदलीच्या मुलीचे."

मी डोळे मिटून घेतले. पायांचं सांगू नकोस, म्हणून मी तिच्या हातापाया पडले होते.

"म्हणजे हा नाच कोणी केलाच नाही," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात कुत्सितपणा नव्हता. नुसतीच अडचण होती, आणि तीच माझ्या जास्त जिव्हारी लागली.

"झालाय की. दिसला ना तुम्हाला आत्ता?" आई म्हणाली.

तज्ज्ञ बाईंनी पेन वर करून विचारलं, "पण एखादं सलग, न कापलेलं काही नाही का? इथे, आमच्यासमोर करून दाखवता येईल असं?"

"आहे," आई म्हणाली. "एक अख्खं कडवं मी एका शॉटमध्ये घेतलंय. कॅमेरा ट्रॉलीवर, घराच्या या खोलीतून त्या खोलीत. कुठे कापाकापी नाही."

मला बरं वाटलं. हे आम्ही खरंच ठरवलं होतं आणि आईने ते विभागातल्या मुलींकडून बसवूनही घेतलं होतं. मी मुलींना खूण केली. त्या येऊन उभ्या राहिल्या. सर खुर्ची जरा पुढे ओढून सावरून बसले. आईने शिट्टी तोंडाशी नेली, आणि मग खाली घेतली.

"कॅमेरा कोण?" तिने विचारलं.

कोणालाच काही कळलं नाही.

"अहो, हा नाच कॅमेऱ्यासाठी आहे. इथे तुम्ही इतके जण इतक्या ठिकाणी बसलाय. मी कोणाला दाखवू?"

"आम्हाला सगळ्यांना," तज्ज्ञ बाई म्हणाल्या.

"सगळ्यांना नाही दिसणार. एकालाच दिसेल."

"आम्ही इथून पाहतो ना," सर म्हणाले.

"तिथे काही नाहीच आहे, साहेब. जे काही आहे ते भिंगासमोर आहे. तिथून तुम्हाला मुली रांगताना दिसतील." तिने सभागृहात एकदा नजर फिरवली, आणि ती नजर मला लहानपणापासून माहीत होती. "तुमची ती चाकांची खुर्ची आहे ना ऑफिसातली? ती मागवा. तुम्ही व्हा कॅमेरा."

"आई," मी म्हटलं.

"तू ट्रॉली," ती मला म्हणाली.

मी सरांकडे पाहिलं. ते उठून निघून जातील, आणि त्यांच्यामागे माझी नोकरीही निघून जाईल, असं मला वाटलं. पण पाहिल्याशिवाय मत द्यायचं नाही, हे सरांचं तत्त्व आहे, आणि तत्त्वाचा माणूस अशा वेळी बरोब्बर सापडतो. त्यांनी खुर्ची मागवली. तिचं एक चाक किरकिरत होतं. सर तिच्यात बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, दात काढून घ्यायला आल्यासारखे.

"मान वळवायची नाही," आई त्यांना म्हणाली. "खुर्ची जिकडे वळेल तिकडेच बघायचं. कॅमेऱ्याला मान नसते."

"आणि डोळे?"

"डोळे तेवढे ठेवा."

तिने खडूने जमिनीवर खुणा केल्या. इथून निघायचं, इथे वळायचं, इथे थांबायचं, इथून हळूहळू पुढे. "खुणेवर थांब, नाहीतर मुली तुझ्या पायात येतील," असं मला दोनदा बजावलं. मंडळाचे बाकीचे सदस्य जागच्या जागी बसून होते, म्हणजे एका कडेला. तुम्हीही उठून मागे या, असं आई त्यांना म्हणाली, तर ते म्हणाले, आम्ही इथे ठीक आहोत. बैठक चालू असताना सदस्यांनी जागा सोडायची पद्धत नाही म्हणे!

गाणं सुरू झालं. मुख्य भूमिकेत आमची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी होती. ती रंगमंचावर वाढलेली, शेवटच्या बाकापर्यंत भाव पोचवायची तिला सवय. तिने सरांच्या तोंडापासून हातभर अंतरावर असे डोळे विस्फारले की सर खुर्चीसकट मागे सरकले.

शिट्टी वाजली.

"अगं, तो काय बहिरा आहे का?" आई ओरडली. 'तो' म्हणजे सर. "एवढे डोळे कशाला? कॅमेऱ्याला नुसता विचार केलेला दिसतो. पुन्हा!"

पुन्हा केलं. पुन्हा डोळे. पोरगी रडकुंडीला आली. तिची चूक नव्हती. आम्हीच तिला इतकी वर्षं मोठे डोळे करायला शिकवलं होतं. आईने शिट्टी काढून माझ्या हातात दिली, पँट घोट्यापाशी दुमडली आणि पोरीला म्हणाली, "बाजूला हो. नीट बघ."

"आई, गुडघे," मी म्हटलं. तिच्या दोन्ही गुडघ्यांना पट्टे होते आणि डॉक्टरांनी तिला जिनेसुद्धा बंद केले होते.

"एकदाच," ती म्हणाली. "खुणा बघून चालव."

मी खुणा बघून चालवलं.

आता हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं यावर आहे. खुर्ची निघाली. आई सरांच्या पुढे, मागे मागे सरकत. तिच्यामागून मुली एका बाजूने जायच्या, सरांना दिसेनाशा झाल्या की वाकून, जवळजवळ रांगत, खुर्चीच्या पाठीमागून धावत यायच्या आणि दुसऱ्या बाजूने वेगळंच कोणी असल्यासारख्या, शांतपणे, केस सावरत पुन्हा पुढे यायच्या. सिनेमात घर माणसांनी भरलेलं वाटतं ते असं. माझ्या दोन्ही बाजूंनी पोरी धापा टाकत, एकमेकींना ढोसत पळत होत्या. एकीचा पाय चाकाखाली येता येता वाचला. एकीच्या मनगटावरच्या घड्याळाचा गजर झाला म्हणून तिने धावता धावता त्यावर हात दाबला. आणि कडेला बसलेल्या मंडळाला दिसत होतं ते एवढंच: एक बाई एका खुर्चीशी काहीतरी करते आहे, आणि मुली बसमध्ये जागा पकडायला निघाल्यासारख्या पळताहेत.

"सुरू झालं का?" एका सदस्याने शेजारच्याला विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं.

मी खडूची खूण बघायचे आणि मग मान वळवून मंडळाकडे बघायचे. खूण, मंडळ, खूण, मंडळ. तज्ज्ञ बाईंनी तोंडावर हात धरला होता. हसू लपवायला, की जांभई? हसत असतील तर अजून आशा होती. एक सदस्य छताकडे बघत होते. हे सगळे हात वर करतील का, हाच एक हिशोब माझ्या डोक्यात चालू होता. समोर सरांचं टक्कल होतं. त्यांचे हात आधी गुडघ्यांवर होते, मग कधीतरी त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. शेवटच्या टप्प्यात मुली जमिनीवर बसल्या, गाण्यात नुसतं एक वाद्य उरलं, आणि खुर्ची आईच्या दिशेने हळूहळू, अगदी जवळ न्यायची होती. मी ती नेली. चाकसुद्धा किरकिरलं नाही. त्या वेळी तज्ज्ञ बाई पेनाला टोपण लावत होत्या, आणि पेनाला टोपण लावणं ही चांगली खूण की वाईट, हे मी ठरवत होते.

गाणं संपलं. सर हलले नाहीत.

"कट," आई म्हणाली, तेव्हा कुठे त्यांनी मान वळवली. आई तिथेच जमिनीवर बसली होती, एक पाय लांब करून.

"छान," तज्ज्ञ बाई म्हणाल्या. 'छान' हा शब्द आमच्याकडे कसा वापरतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना पुढचं सांगायला नको. "मेहनत दिसते आहे. पण खरं सांगायचं तर आम्हाला यात नृत्य कुठे होतं ते कळलं नाही."

"मला दिसलं," सर म्हणाले.

"मी पाहिलं," सर पुन्हा म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "ते नृत्य होतं. सलग होतं. मी... हे मंजूर करायला हवं."

माझा कानांवर विश्वास बसेना. इतके दिवस जो माणूस वाटेत आडवा पडला होता, तोच उठून उभा राहिला होता. पण तज्ज्ञ बाईंनी अतिशय नम्रपणे, सरांनीच केलेला नियम सरांना ऐकवला. प्रात्यक्षिक सदस्यांनी स्वतः पाहिलेलं असलं पाहिजे. एकट्याने पाहिलेलं इतिवृत्तात कसं लिहायचं?

"मग तुम्ही बसा खुर्चीत एकेक जण," सर म्हणाले.

"आज नाही," आई जमिनीवरून म्हणाली. "पाय गेले."

"हरकत नाही, रेकॉर्डिंग बघू," एक सदस्य म्हणाले.

मी आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं. सभागृहात प्रत्येकाच्या खिशात फोन होता. सरांच्या खिशातही होता, म्हणजे अगदी भिंगाच्या जागेवर.

"माझ्याकडे काय बघतेस?" आई म्हणाली. "कॅमेरा लावणं नाच मास्टरचं काम नाही. ते कॅमेरावाल्याचं खातं. मी कधी हात लावलेला नाही."

उभा जन्म कॅमेऱ्यासाठी नाच बसवला, आणि कॅमेराच लावायचा राहिला! मंडळाने विषय पुढच्या वर्षावर ढकलला. पुढच्या वर्षी मी तिथे असणार नव्हते, पण ही गोष्ट विषयपत्रिकेत नसल्यामुळे कोणी बोललं नाही. त्यांचा चहा आला.

बाहेर कॉरिडॉरमधल्या बाकावर मी आईला बसवलं आणि मग मात्र माझा तोल गेला. शिट्टीपासून सुरुवात केली. दिवे, पायांची गोष्ट, सरांना खुर्चीत कोंबणं, सगळं काढलं. "तुला एकदा, एकदा तरी माझ्या कामात माझं ऐकता आलं नसतं का? इथे माझी नोकरी होती, आई. तुझा सेट नव्हता." ती गुडघा चोळत ऐकत होती. ती उलटून बोलली नाही, त्यामुळे मी आणखीच चिडले.

तेवढ्यात सर बाहेर आले. ते घाईघाईत होते आणि त्यांच्या हातातला कप तसाच भरलेला होता.

"अजून मंडळ उठलेलं नाही," ते मला म्हणाले. "मी त्यांच्याशी भांडलो. एक वाट निघते आहे. आणखी कोणी तिथून पाहिलं असेल, तर त्यांचं ऐकायला ते तयार आहेत. तुम्ही माझ्या मागेच होतात. तुम्हालाही तेच दिसलं असणार. विभागाच्या अध्यापक आहात, चालेल. आत या आणि दोन वाक्यांत सांगा."

"काय सांगू?"

"तेच. शेवटी खुर्ची जवळ गेली तेव्हा मास्टरांच्या चेहऱ्यावर जे झालं ते. मी सांगायला गेलो तर मला शब्द सापडेनात. तुमची भाषा चांगली आहे." मग ते आईकडे वळले, आणि संकोचून म्हणाले, "मी इतकी वर्षं नृत्य पाहतो आहे. मला कोणी असं... माहीत नव्हतं मला."

आईचा गुडघा चोळणारा हात थांबला. तिने मान वर केली.

"कशी दिसत होते गं?" तिने मला विचारलं.

तिला मंडळाचं काही पडलं नव्हतं. ती खरंच विचारत होती. आयुष्यभर ती भिंगाच्या शेजारी उभी राहून दुसऱ्यांना करून दाखवत आली. समोर उभी राहिली ती आज पहिल्यांदा.

मला दोन वाक्यं करता आली असती. विशेषणं मला हवी तितकी येतात, त्यावरच तर मी पोट भरते. 'संयत', 'अंतर्मुख', काहीही चाललं असतं. सर हो म्हणाले असते, मंडळ हो म्हणालं असतं. मी तोंड उघडलंही. पण आई माझ्याकडे बघत होती, आणि खोटा भाव ओळखण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही.

"मी मंडळाकडे बघत होते, आई," मी म्हटलं. "मी बघितलंच नाही."

सर "अच्छा" म्हणाले आणि कप सांभाळत आत गेले. दार आपोआप लागलं.

"ट्रॉलीवाल्याने बघायचं नसतंच," आई म्हणाली. "तो बघत बसला तर ट्रॉली हलते. तुझी जराही हलली नाही. चांगली चालवलीस."

ती हे अगदी मनापासून म्हणाली, पॅकअपनंतर कुठल्याही ट्रॉलीवाल्याला म्हणाली असती तसं. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. मी तिचा स्पीकर खांद्याला अडकवला, तिला हात दिला आणि आम्ही जिन्याकडे निघालो.